रिकामा रकाना

इंदूर,
१४ फेब्रुवारी १९९९

तीर्थरूप मोठे बाबांना आणि मोठ्या आईला जयभीम.

तुमचं कार्ड मिळालं. आईनं माझ्याबद्दल तुम्हाला काय काय लिहिलं ते तिनं मला वाचून दाखवलं नाही, पण तुमच्या ओळींवरून अंदाज आला. "मुलगी सहा दिवस नोकरी करते व रविवारी गोऱ्यांची फुकट चाकरी करते हे खरे काय? खुलासा करावा." मोठे बाबा, पलटणीतून निवृत्त होऊन तुम्हाला नऊ वर्षं झाली, पण हेडक्लार्कची खुलासा मागायची सवय काही सुटली नाही. तर घ्या खुलासा.

पलासियाच्या कंपनीत मी तीन वर्षं प्रोग्रामर आहे हे तुम्हाला माहीत आहे. माझं काम बॅकएंडचं. स्क्रीनवर जे रंगीत दिसतं ते मी करत नाही. त्याच्यामागे मशीनमध्ये जे चालतं, कोणती माहिती कुठे ठेवायची, कोणाला कधी द्यायची, ते मी लिहिते. हलवायाच्या दुकानात गल्ल्यावर बसणारा वेगळा आणि मागे भट्टीवर बसणारा वेगळा. मी भट्टीवरची.

रविवारचं काम निराळं आहे. जगात काही प्रोग्राम असे आहेत की जे लिहिणाऱ्यांनी सगळ्यांसाठी उघडे ठेवलेत. कोणीही घ्यावेत, उघडून वाचावेत, चूक दिसली तर सुधारून परत पाठवावेत. अट इतकीच की ज्यांनी लिहिलं त्यांची नावं पुसायची नाहीत आणि सुधारलेलंही तसंच उघडं ठेवायचं. त्यातला एक हेराल्ड नावाचा प्रोग्राम आहे. एका मशीनवरचे ई-मेल दुसऱ्या मशीनवर पोचवतो, म्हणजे डाकियाच समजा. नॉर्वेमधला एक माणूस तो सांभाळतो. मी दोन वर्षं त्यात सुधारणा करते आहे.

हे काम मी ऑफिसात करत नाही. जुनी इंदूर भागातल्या बाबांच्या दुकानात मागच्या खोलीत मी एक जुना कॉम्प्युटर जोडून ठेवलाय. रविवारी पुढे बाबा लोकांची शिलाई मशीन दुरुस्तीला उघडून बसतात आणि मागे मी बसते. संध्याकाळी फ्लॉपी घेऊन पलासियाच्या सायबर कॅफेत जाते आणि पाठवून देते. पगार मिळत नाही, हे खरं आहे.

पुण्याच्या नोकरीचं तुम्ही लिहिलंत, त्यासाठी बायोडाटा सोबत जोडलाय. तुमच्या शेजाऱ्यांच्या जावयाला सांगा की मुलगी काम करणारी आहे. तिथे मोठमोठे सर्व्हर सांभाळायला मिळतील, इंदूरमध्ये तसं काम अजून नाही. मला ती जागा हवी आहे, अगदी मनापासून हवी आहे. अनुभवपत्र मी मार्चमध्ये कंपनीकडून घेते.

बाबा बरे आहेत. तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. मिल बंद होऊन सात वर्षं झाली तरी अजून भोंग्याच्या वेळेला उठतात. तुमचं कार्ड त्यांना दाखवलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला आणि कार्ड मला परत दिलं.

तुमची,
दीना


खडकी, पुणे ३
२३ फेब्रुवारी १९९९

चि. धम्मदीना हीस आशीर्वाद व जयभीम.

विषय: तुझा खुलासा.

१. खुलासा मिळाला. समाधानकारक नाही.

२. बायोडाटा जावयाच्या हाती दिला. माणूस बरा वाटला. त्याचे म्हणणे असे की तीन वर्षांचे अनुभवपत्र मूळ प्रतीत हवे. त्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही.

३. हे तिसरे कलम मी तीनदा लिहिले आणि तीनदा फाडले. म्हणून आता कलमे सोडून सरळ लिहितो.

माझे आजोबा, म्हणजे तुझे पणजोबा, गावचे वेसकर होते. पाटलाची चिठ्ठी आली की हातातली भाकरी टाकून निघायचे. दहा कोस, बारा कोस, उन्हात, पायात काही नाही. चिठ्ठी पोचवायची, पोच घ्यायची आणि परत यायचे. मजुरी नाही. मागितली तर काठी. ह्याला वेठ म्हणत. माझ्या बापाने ते डोळ्यांनी पाहिले आणि सतराव्या वर्षी महूच्या छावणीत जाऊन नाव घातले. आम्हा दोघा भावांना त्यांनी एकच गोष्ट घोकून शिकवली, की ह्या घरात ह्यापुढे कोणी फुकट राबणार नाही. तुझ्या बापाला, चांगदेवलाही ती पाठ आहे.

आणि आता तू, बी.एस्सी. झालेली मुलगी, टपाल पोचवायचेच काम करतेस, तेही फुकट, तेही परदेशी साहेबासाठी. वर मला हौसेने कळवतेस. दीना, मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही. काम सांगणारा गोड बोलला म्हणून वेठ काही नोकरी होत नाही.

बायोडाटात तू ते हेराल्ड लिहिले होतेस. मी ती ओळ गाळून नवा टाइप करून दिला. फुकट राबणाऱ्याची किंमत पगार देणारा कशाला करील?

तुझा,
मोठे बाबा

ता.क. चांगदेवच्या तब्येतीचे अधूनमधून कळवत जा.


इंदूर,
७ मार्च १९९९

मोठे बाबा, जयभीम.

माझी ओळ गाळायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? मला न विचारता माझ्या कामावर रेघ मारलीत. तुम्ही समोर असतात तर मी मोठ्या आईच्या देखत भांडले असते. समोर नाही म्हणून कागदावर भांडते.

वेठ म्हणजे काय ते तुम्हीच लिहिलंय. पणजोबांना नाही म्हणायची सोय नव्हती. आणि बारा कोस पळणाऱ्याचं नाव त्या चिठ्ठीवर कुठेही नसायचं. मला दोन्ही आहे. मी नाही म्हणू शकते, आणि माझं नाव लिहिलं जातं. हेराल्डसोबत एक नावांची फाइल जाते. प्रोग्राम ज्या ज्या मशीनवर बसतो तिथे ती फाइल बसते. ती काढायची नाही असा कायदाच आहे. आपल्या घरातल्या कोणाच्या कामावर आजवर त्याचं नाव लागलं होतं, मला सांगा.

आणि मी साहेबाची चाकरी कशी करते तेही ऐका. हेराल्डमध्ये एक दोष होता. ई-मेल पाठवता पाठवता लाइट गेली, तर परत सुरू झाल्यावर त्याला आठवायचं नाही की कुठपर्यंत पाठवलं. काही पत्रं दोनदा जायची, काही जायचीच नाहीत. नॉर्वेत लाइट जात नाही, म्हणून तिथे कोणाला हा दोष दिसला नव्हता. मला दिवसातून चारदा दिसायचा. मी कळवलं. उत्तर आलं की तुमच्याकडची वीज सुधारून घ्या. मी लिहिलं, अर्ध्या जगाची वीज माझ्यासारखीच आहे, तुमचा प्रोग्राम उरलेल्या अर्ध्यासाठी असेल तर वर तसं लिहून ठेवा. आठ दिवस काहीच नाही. मग त्याचं उत्तर आलं की तुमचं बरोबर आहे, सुधारून पाठवा.

पण सुधारायचं कसं ते मला सुचेना. दोन रविवार मी नुसती बसून राहिले. बाबांनी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. ते म्हणाले, मिलमध्ये सांच्यावर, म्हणजे मागावर, कापड चालू असतानाच पाळी बदलते. जाणारा विणकर कापडावर खडूनं आपली खूण करून जातो, इथपर्यंत माझं. येणारा तिथून पुढे धरतो. सांचा मध्येच बंद पडो, माणूस आजारी पडून घरी जावो, खूण बघून कोणालाही पुढे चालवता येतं. "पण खूण कपड्यावर करायची," बाबा म्हणाले, "मशीनवर नाही. मशीन तो भूल जाती है."

मी तेच केलं. कुठपर्यंत गेलो ते मशीनच्या आठवणीत न ठेवता प्रत्येक पत्रासोबत डिस्कवर लिहायला लावलं. दोनदा परत आलं, तिसऱ्यांदा त्यांनी घेतलं. आता जगात कुठेही लाइट गेली तरी हेराल्ड खडूची खूण बघून पुढे धरतो. ह्याला तुम्ही वेठ म्हणा.

आता वाईट बातमी. गेल्या महिन्यात मी हातोदला एका धान्याच्या आडतीवर गेले होते. आमच्या कंपनीचे मालक वासुदेवजी यांनी त्यांना ई-मेलचा प्रोग्राम विकलाय, स्वतःचा म्हणून. तो उघडला तर हेराल्डच होता. नावांची फाइल काढून टाकलेली. मी परत येऊन विचारलं. त्यांनी हसून टाळलं. पण त्याच आठवड्यात परदेशातल्या एका गिऱ्हाइकानं त्यांना विचारलं की हेराल्डवाली धम्मदीना तायडे तुमच्याच शहरात आहे, ती तुमच्याकडे आहे का. तेव्हा त्यांना माझी किंमत कळली.

दोन दिवसांनी माझ्यापुढे कागद आला. त्यात लिहिलंय की हेराल्डचं सगळं काम मी कंपनीच्या वेळेत कंपनीच्या मशीनवर केलं, ते कंपनीचं आहे, आणि नॉर्वेला लिहून मी माझं नाव काढून तिथे कंपनीचं घालायला सांगेन. ३१ मार्चच्या आत सही करायची. सही केली तर अनुभवपत्र, नाही तर नाही.

म्हणजे पुण्याची नोकरी त्या कागदाखाली दबलीय. कागदांमध्ये तुमचा जन्म गेला, म्हणून कळवते.

दीना


खडकी,
१४ मार्च १९९९

चि. दीना,

जयभीम. तुझे पत्र वाचले. भांडलीस ते बरे केलेस, तुझ्या मोठ्या आईने तुझीच बाजू घेतली आणि मला दोन दिवस चहा पाण्यासारखा मिळाला. वेठीबद्दल तू लिहिलेस त्यावर मी विचार करतो आहे. खडूची युक्ती चांगदेवची आहे हे वाचून बरे वाटले. तो लहानपणापासून असाच, बोलायचा कमी.

पण कागदाबद्दल माझा सल्ला सरळ आहे. सही कर.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. तुला पुण्याला यायचे आहे की नाही? मग अनुभवपत्र हातात घे आणि पुढे चल. तुझ्या हातात कला आहे, अशी दहा कामे पुन्हा करशील. नाव काय, आज जाईल उद्या येईल. कागद मात्र एकदा गेला की माणूस दारोदार फिरतो आणि त्याच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. अठ्ठावीस वर्षे मी हेच पाहिले. जावयाला मी महिनाअखेरपर्यंत थांबवून धरले आहे.

विशेष सूचना: हे सर्व चांगदेवला दाखवू नकोस. त्याच्या डोक्याला ताप नको.

तुझा,
मोठे बाबा


इंदूर,
१ एप्रिल १९९९

मोठे बाबा,

सही केली नाही.

तुमची विशेष सूचना मी पाळणार होते. पण तो कागद बाबांना माझ्या पिशवीत सापडला. रविवारी दुपारी आम्ही दुकानातच जेवलो. डबा पुसून ठेवल्यावर बाबा म्हणाले, घरी चल. घरी येऊन त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढली आणि तळातून एक कागद काढून माझ्या हातात दिला.

मिलचा दाखला होता. मी पहिल्यांदाच पाहिला. चांगदेव तायडे, सांचा खाते, बदली कामगार, स्वेच्छेने काम सोडले. म्हणजे कोणी गैरहजर असला की त्याच्या जागी उभा करायचा माणूस. बावीस वर्षं नोकरी केलेले बाबा, त्यातली अकरा वर्षं लाइनचे जॉबर म्हणजे मुकादम, चाळीस सांचे ज्यांच्या हाताखाली चालायचे, ते बदली. तेव्हा मला कळलं की मिल बंद झाल्यावर बुऱ्हाणपूरच्या आणि उज्जैनच्या कारखान्यांतून ते का परत आले. आम्ही समजायचो की बाबांना नवीन मशीन जमत नाही. आईसुद्धा तसंच समजायची. त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, बाबा, तुम्ही ह्यावर सही कशी केलीत?

"दादानं सांगितलं," ते म्हणाले. मग ट्रंक बंद केली.

तर मोठे बाबा, आता मला बरंच समजलं. तुमच्या पत्रात बाबांची तब्येत ता.क. मध्ये का असते, तुमचं कार्ड बाबा न बोलता परत का देतात, आणि कागद बाबांना दाखवू नको अशी मला सूचना का होती. तुमच्यावर माझा जितका जीव आहे तितकाच आज राग आहे. ज्या सल्ल्यानं एका माणसाची बावीस वर्षं गेली, तोच सल्ला तुम्ही त्याच्या मुलीला दिलात. तोच.

काल मी वासुदेवजींच्या केबिनमध्ये गेले आणि कागद सही न करताच परत ठेवला. ते समजावणीच्या सुरात बोलले. म्हणाले, बेटा, बिना लेटर के पूना तो क्या, देवास में भी कोई नहीं रखेगा. मी म्हटलं, "सर, मेरे पापा से भी ऐसा कागज साइन कराया गया था. हमारे घर में यह एक बार हो चुका है, दुबारा नहीं होगा." मग माझ्या टेबलावरून डबा आणि छत्री उचलली आणि निघाले. बाहेरच्या मुलींनी मान वर केली नाही. कँटीनवाल्या इंदुमतीबाई जिन्यापर्यंत आल्या.

नॉर्वेलाही सगळं लिहून पाठवलं, हातोदच्या मशीनसकट.

तुमच्या जावईसाहेबांना सांगा की अनुभवपत्र येणार नाही.

धम्मदीना


खडकी,
३० मे १९९९

चि. धम्मदीना हीस,

जयभीम. दोन महिने पत्र लिहिले नाही. रोज लिहायला बसायचो. पेन हातात घेतले की तुझे ते "तोच" डोळ्यांपुढे यायचे.

जावयाने फाइल परत केली. ती नोकरी गेली.

आता माझा खुलासा. तो तू मागितला नाहीस, मी देतो आहे.

ब्याण्णव साली मी इंदूरला एका लग्नाला आलो होतो. मिल बंद झालेली, आणि फाटकावर छापील फॉर्म वाटत होते. सही करणाऱ्याला दाखला मिळणार होता. चांगदेव तो फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. सोबत त्याच्या लाइनचे नऊ जण. पलटणीतले हेडक्लार्क आलेत, कागद त्यांना दाखवू, म्हणून आले होते. मी ओसरीवर खुर्चीत बसून फॉर्म वाचला. इंग्रजीत होता, पण मला इंग्रजी येते. मी नीट वाचला. हुद्द्याचा रकाना रिकामा होता.

चांगदेवने बोट ठेवून विचारले, "दादा, हे मोकळं कसं?"

मी हसलो. पलटणीत असेच असते. जवान खाली सही करतो आणि रकाने ऑफिस भरते, कारण त्याची सगळी नोंद ऑफिसात असते. अठ्ठावीस वर्षे मी असे हजारो रकाने भरले आणि एकही खोटा भरला नाही. मला वाटले, ऑफिस म्हणजे ऑफिस. मी म्हणालो, सही करा, बाकीचे ऑफिस भरेल. दहाही जणांनी माझ्या पेनाने सह्या केल्या.

बदलीला मिल काही देणे लागत नाही, म्हणून दहाही रकान्यांत बदली भरले गेले.

मला ते सहा महिन्यांनी कळले. तेव्हापासून मी चांगदेवला तोंड दाखवले नाही. आणि तुला सही कर म्हणालो, कारण तेव्हाचा सल्ला बरोबर होता असे मला स्वतःलाच पटवायचे होते. तू सही करून पुण्याला आली असतीस तर मी सुटलो असतो. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिले.

पुढचे ऐक. गेल्या आठवड्यात खडकी बाजारात सायबर कॅफे उघडले तिथे गेलो. काउंटरवरच्या बाईला म्हटले, हेराल्ड नावाचा प्रोग्राम आहे, त्याची नावांची फाइल काढा. तिला काही माहीत नव्हते, पण हुशार निघाली, अर्ध्या तासात शोधून दिली. मी पडद्यावर बोट ठेवून एकेक नाव वाचत खाली आलो. एकतिसाव्या ओळीत तू सापडलीस. मी बाईला म्हटले, ही माझी पुतणी. मग त्याखालची ओळ वाचली.

ते तू मला कळवले नव्हतेस. चांगदेव तायडे, लूम जॉबर, इंदूर, खडूची खूण ह्यांची.

बाईने पाणी आणून दिले. सात वर्षांत त्याला कोणी जॉबर म्हटले नव्हते. तू म्हटलेस, आणि अशा ठिकाणी म्हटलेस की कोणा मालकाला खोडता येणार नाही. वेठीबद्दल मी जे लिहिले ते मागे घेतो. लेखी मागे घेतो, म्हणजे नोंद राहील.

त्या पानाच्या बारा प्रती काढल्या. तुझा बायोडाटा पुन्हा टाइप केला. गाळलेली ओळ सगळ्यांत वर घातली. प्रत्येक प्रतीवर सत्यप्रत असे लिहून खाली पूर्ण नाव आणि हुद्दा टाकून सही केली. निवृत्त माणसाला तो अधिकार नाही, धरायचे त्याने धरावे. मग स्कूटर काढली आणि चार दिवसांत अकरा कंपन्यांच्या फाटकांवर नेऊन दिल्या. दोन ठिकाणी पहारेकऱ्याने हाकलले, तिसऱ्या ठिकाणी पहारेकरी माझ्याच रेजिमेंटचा निघाला.

बारावी प्रत सोबत आहे. ती चांगदेवची.

मोठे बाबा


इंदूर,
२० जून १९९९

मोठे बाबा, तुम्हाला आणि चहा पातळ करणाऱ्या मोठ्या आईला जयभीम.

तुमचं पत्र मी बाबांना दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळं, ओसरीवरच्या खुर्चीसकट. बाबांच्या हातात एक मशीन उघडं होतं, ते थांबले नाहीत. नावांचं पान मी पुढे धरलं तेव्हा थांबले. त्या ओळीचं मी त्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. म्हणतील, माझं नाव कशाला, ह्या भीतीनं. त्यांनी तेलाचे हात पुसले, चष्मा लावला आणि इंग्रजी अक्षरं जुळवत वाचायला लागले.

"जॉबर लिखा है?" त्यांनी विचारलं.

लिखा है, म्हटलं. ते पान आता दुकानात सुयांच्या डब्यावर भिंतीला चिकटवलंय. येणाऱ्या गिऱ्हाइकाला काही सांगत नाहीत, पण दिसेल असं लावलंय.

इकडचं सांगते. नॉर्वेहून वासुदेवजींना पत्र गेलं. अजून चार देशांतून गेलं. हातोदच्या मशीनवर नावांची फाइल परत आली, मी स्वतः जाऊन बघितली. अनुभवपत्र मात्र त्यांनी दिलं नाही आणि देणारही नाहीत. दोन महिने मी पलासियाच्या एका कोचिंग क्लासमध्ये शिकवते आहे. आई नातेवाइकांना सांगते की मुलीनं नोकरी बदलली.

आणि आता मुख्य. तुमच्या अकरा फाटकांपैकी एकानं मला बोलावलंय. ५ जुलैला. त्यांचा सर्व्हर सांभाळणारा माणूस हेराल्ड वापरतो. त्यानं ई-मेलमध्ये लिहिलंय की गेल्या पावसाळ्यात त्यांची लाइट तीन दिवस जात-येत होती आणि एकही पत्र हरवलं नाही, ते कोणाचं काम हे त्याला माहीत आहे. पण त्यांच्या ऑफिसलाही फाइलमध्ये एक अनुभवपत्र लागतं. मी खरं ते कळवलं, की मालक देत नाही आणि का देत नाही. त्याचं उत्तर आलं, ज्यानं तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलंय अशा कोणाचंही चालेल, पण हुद्द्यासकट हवं.

मी आठ दिवस विचार केला की माझं काम प्रत्यक्ष कोणी पाहिलंय. मग बाबांना विचारलं. संध्याकाळी त्यांनी आईकडून आंतरदेशीय मागून घेतलं आणि म्हणाले, दादाला मी लिहितो.

तेव्हा ते पत्र वेगळं येईल.

तुमची,
दीना


इंदूर,
२४ जून १९९९

दादा,

जयभीम. वहिनीला पण सांग.

मला लिहायची सवय नाही. दीना म्हणाली लिहून देते, मी नको म्हटलं.

तुझं पत्र ऐकलं. रकान्याचं मला तेव्हाच समजलं होतं. तू मुद्दाम केलं नाहीस हेपण माहीत होतं. मला राग त्याचा नव्हता. त्यानंतर तू एकदा पण घरी आला नाहीस, त्याचा होता. सात वर्षं वाट बघितली की दादा येईल आणि मी त्याच्याशी भांडेन.

ते राहू दे. काम आहे. पोरीला अनुभवपत्र पाहिजे. खाली मराठीत लिहितो. तू त्याचं इंग्रजी कर आणि तुझ्या मशीनवर टाइप कर. सगळं भरून झाल्यावर मी सही करीन. आधी करणार नाही.

"मी चांगदेव तायडे, कापड मिलच्या सांचा खात्याचा लाइन जॉबर. बावीस वर्षं नोकरी, अकरा वर्षं जॉबर. लिहून देतो की धम्मदीना तायडे हिनं माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत दोन वर्षं दर रविवारी हेराल्ड प्रोग्रामचं काम केलं. मी पुढे बसून पाहिलं. लाइट गेली की चिडते, आली की जिथं सोडलं तिथून धरते. चूक झाली तर झाकत नाही, उसवून परत करते. माझ्या हाताखाली चाळीस सांचे आणि वीस माणसं होती, काम करणारा मला ओळखता येतो. हिनं हे काम कोणाच्या जबरदस्तीनं केलं नाही. ते तिचं आहे."

हुद्दा जॉबर लिही. मिलचा दाखला काय म्हणतो त्याची फिकीर करू नको. कोणी विचारलं तर सांग एकतिसाव्या ओळीच्या खाली बघा.

दुसरं काम मोठं आहे. त्या दिवशी ओसरीवर माझ्याबरोबर नऊ जण होते. दोन वारले. अशोक सुरतेला गेला. सहा इथंच आहेत, कोणी पहारा करतो, कोणी भाजी विकतो. त्यांच्या पोरांना अजून वाटतं की बाप बदली होता. मी त्यांना बोलावून घेतलंय. त्यांचा जॉबर मी होतो, कोण कुठल्या सांच्यावर काय विणत होता ते मला पाठ आहे. त्यांची पत्रं मी देणार. नोकरी मिळायचं वय नाही राहिलं, तरी देणार. घरात भिंतीवर लावायला.

तू ये. दीना पुण्याला येईल तेव्हा तिला घरी ठेवून घे, आणि नंतर तिला सोडायच्या निमित्तानं ये. टायपरायटर घेऊन ये. खुर्ची ओसरीवर टाकतो, तीच आहे. मी सांगेन, तू भर. या वेळी एकही रकाना रिकामा सोडू नको.

तुझा,
चांगदेव